ओ-यू-जी-एच : या चार अक्षरांचे उच्चार तरी किती?

तळटीप

मंडळी, एक रडगाणं आणि एक प्रश्न.

मी माहितीपटांची मराठी सबटायटल्स करते. वाक्यांचं कसंही निभावतं, नावं मात्र घाम काढतात. बऱ्याचदा आधी नुसती लिहिलेली संहिता हातात पडते, आवाज मागाहून येतो. तोवर रोमनमधलं नाव देवनागरीत कसं उतरवायचं हे माझं मीच ठरवायचं. गेल्या आठवड्यात इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव आलं. स्पेलिंग असं : एल-ओ-यू-जी-एच-बी-ओ-आर-ओ-यू-जी-एच. मी बिनधास्त 'लॉघबरो' लिहून मोकळी झाले. जी-एच दिसला की 'घ' लिहायचा हे हाताला लागलेलं वळण; घाट, घराणं, मेघना हे सगळं आपण रोमनमध्ये तसंच तर लिहितो. तपासणाऱ्यांनी ते लाल करून परत पाठवलं आणि शेजारी लिहिलं, 'लफबरा'. ते नाव त्या तुकड्यात चौदा वेळा होतं. चौदा लाल खुणा!

नाव एकच, चार अक्षरंही तीच, आणि पहिल्यांदा त्यांचा 'अफ' होतो, दुसऱ्यांदा नुसता 'आ' उरतो. मला रागच आला. मग वही काढून या चार अक्षरांचे आठवतील तेवढे शब्द लिहून काढले. टफ, रफ, इनफ एका ओळीत. त्यांच्या खाली कॉफ, म्हणजे खोकला, आणि ट्रॉफ, म्हणजे गुरांची डोणी. मग दो (तरीही) आणि डो (मळलेला गोळा). थ्रू एकटाच. बाउ (फांदी) आणि प्लाउ (नांगर) जोडीनं. थॉट, ब्रॉट, बॉट, फॉट असा एक मोठा घोळका. थरा, म्हणजे कसून केलेलं. आणि सगळ्यात शेवटी हिकप, म्हणजे उचकी. तीसुद्धा कधीकधी याच अक्षरांनी लिहितात हे मला त्या दिवशीच कळलं आणि लिहिता लिहिता खरीच उचकी लागली. असे आठ वेगवेगळे आवाज मोजले.

प्रश्न असा की यात काही नियम आहे का? 'पाठ करा' हे उत्तर नको, ते तीन जणांनी देऊन झालंय. स्क्रीनच्या कडेला चिकटवता येईल असं एखादं सूत्र हवंय.

खोडरबर

नियम? इंग्रजीत? ताई, कुठल्या जगात आहात! बर्नार्ड शॉ सांगून गेलाय ना, जी-एच-ओ-टी-आय असं लिहा आणि 'फिश' वाचा. इनफमधला जी-एच म्हणजे फ, विमेनमधला ओ म्हणजे इ, नेशनमधला टी-आय म्हणजे श. झाला मासा तयार. आमच्या इंग्रजीच्या मास्तरांनी हे फळ्यावर लिहिलं होतं आणि अख्खा वर्ग पोट धरून हसला होता. तेव्हापासून मी स्पेलिंगचा नाद सोडला. पाठच करा.

पोटमाळा

तळटीपताई, नियम आहे. अर्धा आहे, पण आहे. तीस वर्षं जर्मन शिकवली, त्यामुळे हा प्रश्न दिसला की हात शिवशिवतात. जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

आधी खोडरबर यांच्या माशाचं बघतो. तो विनोद शॉच्या नावावर खपतो खरा, पण १८५५ सालच्या एका पत्रात तो आधीच सापडतो आणि शॉ जन्मला १८५६ मध्ये. शिवाय विनोद लबाड आहे. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला जी-एचचा फ कधीच होत नाही. तिथे तो ग असतो, घोस्ट-घेटो बघा. आणि टी-आयचा श व्हायला पुढे दुसरा स्वर लागतो, शब्दाच्या टोकाला तो होत नाही. म्हणजे ज्याला इंग्रजी वाचता येतं तो हे 'गोटी' असंच वाचेल. तुमच्या मास्तरांना नकळत नियम पाठ होते, म्हणून तर त्यांना गंमत वाटली.

आता तुमचं सूत्र. जी-एचच्या लगेच पुढे टी आहे का ते बघायचं. असेल तर जी-एच मुका समजा आणि ओ-यूचा 'ऑ' करा : थॉट, ब्रॉट, बॉट, फॉट, सॉट, नॉट, रॉट. शेजारच्या ए-यू-जी-एच-टीलाही हेच चालतं : कॉट, टॉट, डॉटर, नॉटी, स्लॉटर. तुमच्या वहीतला सगळ्यात मोठा घोळका एवढ्यानं निकालात निघतो. अपवाद बोटांवर मोजण्याइतके, ते पुढे कधीतरी. पुढे टी नसेल, शब्द जी-एचवरच संपत असेल, तर मात्र स्पेलिंग काही सांगत नाही. तिथे शब्दाची कुळकथाच बघावी लागते.

ती कुळकथा अशी. हा जी-एच पूर्वी मुका नव्हता. जुन्या इंग्रजीत तिथे घशातून घासून येणारा खरखरीत ख होता, खाकरताना येतो तसा. जर्मननं तो अजून जपलाय. शेजारी शेजारी ठेवून बघा : त्यांची नाख्ट ती इंग्रजांची नाइट. टॉख्टर म्हणजे डॉटर. ब्राख्टे म्हणजे ब्रॉट, डाख्टे म्हणजे थॉट, लाखेन म्हणजे लाफ. इंग्रजी विद्यार्थ्याला जिथे जी-एच नुसता लिहायचा असतो, तिथे जर्मन विद्यार्थ्याला तो खाकरून म्हणावाही लागतो. पुढे फ्रान्सहून आलेल्या नॉर्मन राज्यकर्त्यांच्या लेखनिकांना या आवाजासाठी नीट अक्षर सापडेना, तेव्हा जी-एच ही जोडी रूढ झाली. पुढे १४७६ मध्ये कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं. नेमका तेव्हाच हा ख लोकांच्या तोंडून निसटत होता. आवाज गेला, छापलेलं राहिलं.

निसटला तो मात्र सगळीकडे सारखा नाही. काही ठिकाणी साफ गेला : दो, डो, थ्रू. काही ठिकाणी त्याचा फ झाला : टफ, रफ, कॉफ, इनफ. ख चा फ कसा होईल असं वाटत असेल तर आत्ता करून बघा, शेजारी कोणी नसताना. 'उ' म्हणताना होतात तसे ओठ गोल ठेवा आणि घशातून तो खरखरीत ख सोडा. हवा घशाऐवजी ओठांशी घासायला लागते, ऐकणाऱ्याला चक्क फ ऐकू येतो. म्हणूनच हा फ 'ओ-यू' आणि 'ए-यू' यांच्या मागेच भेटतो. हाय, साय, वे या शब्दांत आय-जी-एच आणि ई-आय-जी-एच आहे, तिथे ओठ गोल होतच नाहीत, म्हणून फ कधीच नाही. हे तुमच्या स्क्रीनच्या कडेला दुसरं सूत्र म्हणून चिकटवा.

एका शब्दानं तर स्पेलिंगही बदलून घेतलं. ड्वॉर्फ, म्हणजे बुटका. त्याच्या शेवटीही हाच आवाज होता. फ झाला तसा लोक सरळ एफ लिहू लागले आणि सुटले. बाकीच्यांना ते सुचलं नाही.

साधीसुधी

पोटमाळाकाका, मग प्लाउमध्ये ना फ, ना नुसतं गायब. तिथे आउ कुठून आला? आणि इनफ त्याच चालीचा असून त्याला फ का?

पोटमाळा

वा, हाच प्रश्न यायला हवा होता. यात एकवचन-अनेकवचनाची भानगड आहे. नांगर एक असला की जुना शब्द 'प्लोख' असा काहीसा संपे. नांगर अनेक झाले की पुढे 'अस' लागून 'प्लोगस' होई, आणि दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला तो ग मऊ पडून 'व' कडे झुके. एका घरात दोन रूपं नांदत होती. नंतरच्या लोकांनी एकच ठेवायचं म्हणून नांगराचं आणि फांदीचं अनेकवचनी रूप ठेवलं, त्याचा आउ झाला. इनफचं मात्र एकवचनी रूप ठेवलं, त्याचा फ झाला. इनफचं दुसरं रूप 'इनाउ' जुन्या कवितांत अजून भेटतं.

डोचंही तसंच. इंग्लंडच्या उत्तरेकडे काही जण त्याला 'डफ' म्हणत आणि तो डफ एका उकडलेल्या गोड पदार्थाच्या नावात वेगळ्या स्पेलिंगनं शिल्लक आहे. म्हणजे कुठल्या गावचा उच्चार राजधानीत मान्य झाला त्यावर शब्दाचं नशीब ठरलं.

अवांतर : बाउ म्हणजे फांदी हे नंतरचं. आधी या शब्दाचा अर्थ खांदा, दंड. आणि त्याचा संस्कृतमधला सख्खा चुलतभाऊ कोण? बाहू! डॉटर आणि दुहिता, नाइट आणि नक्त, एट आणि अष्ट ही मंडळीही एकाच मूळ घरातली. इंग्रजांचे जे जी-एच आपल्याला उपरे वाटतात त्यांतल्या कित्येकांशी आपली जुनी सोयरीक आहे.

तळटीप

काका, किती धन्यवाद देऊ! ओठांचा प्रयोग केला. घरातल्यांना वाटलं मला काहीतरी लागलंय.

टी-चं सूत्र वहीवर चालवून पाहिलं. पण एक सापडला जो ऐकत नाही. डी-आर-ओ-यू-जी-एच-टी, म्हणजे दुष्काळ. तो 'ड्राउट' आहे ना? आणि त्यात एक अक्षर बदलून ओच्या जागी ए टाकला की 'ड्राफ्ट', दाराच्या फटीतून येणारी झुळूक. मागे एका शेतीवरच्या माहितीपटात मी या दोघांची अदलाबदल करून ठेवली होती. 'यंदा तिथे भयंकर झुळूक पडली' असं वाक्य पडद्यावर जाता जाता वाचलं.

पोटमाळा

भयंकर झुळूक! हे मी आता आयुष्यभर वापरणार.

हेच ते अपवाद. दुष्काळवाला ड्राउट हा ड्राय या शब्दाचा नातेवाईक. त्यात मुळात दीर्घ 'ऊ' होता, आणि इंग्रजीत जुन्या दीर्घ ऊ चा पुढे आउ झाला : जुना हूस तो हाउस, मूस तो माउस. तसाच ड्राउट. झुळूकवाल्यात ख चा फ झाला, लाफ्टरसारखा. अमेरिकनांनी तो एफनं लिहायला घेतला, तेवढी त्यांची डोकेदुखी गेली. ड्राउट, डाउटी (म्हणजे शूर), लाफ्टर, ड्राफ्ट : टी असूनही न ऐकणारे हे चार लिहून ठेवा, रोजच्या वापरात पाचवा सहसा भेटणार नाही.

थ्रू आणि थरा यांच्याबद्दल सांगायचं राहिलं. हे दोन शब्द मुळात एकच. जर्मन डुर्ख, म्हणजे 'मधून'. एकातला र पुढे सरकून थ्रू झाला. दुसरा जोर देऊन, लांबवून म्हटला जाई, तो थरा. आरपार जाऊन केलेलं काम ते थरा काम. आणि हिकपला विसरा. तिथला जी-एच खोटा आहे. उचकीचा शब्द आवाजावरूनच पडला होता. कोणाला तरी वाटलं की हा खोकल्याचाच प्रकार, म्हणून शेपटाला कॉफचं स्पेलिंग जोडलं. उच्चार काही त्याला बधला नाही. डिलाइटमधला जी-एचही असाच घुसखोर. तो शब्द फ्रेंचमधून आला, त्यात जी-एच नव्हता. लाइटकडे बघून बसवला.

नकाशावाला

उशिरा येतोय. काकांनी शब्दांचं छान सांगितलं, पण ताईंचा खरा त्रास नावांचा आहे, आणि नावांना कुठलंच सूत्र लागत नाही. मी नकाशांवरची नावं मराठीत आणायचं काम केलंय, मार खाऊन शिकलोय.

एस-एल-ओ-यू-जी-एच घ्या. लंडनच्या पश्चिमेचं शहर असेल तर स्लाउ. दलदल असेल तर इंग्लंडात स्लाउ, अमेरिकेत स्लू. साप कात टाकतो ते क्रियापद असेल तर स्लफ. स्पेलिंगमध्ये काडीचा फरक नाही. पहिलं अक्षर मोठं आहे का बघा, बोलणारा कुठला बघा, साप आहे का बघा.

तुमच्या वहीत नववा आवाज हवा असेल तर आयर्लंडला चला. तिथे एल-ओ-यू-जी-एच म्हणजे तळं, आणि त्याचा उच्चार लॉख. म्हणजे काका म्हणतात तो खाकरलेला ख तिथे अजून जिवंत आहे (बरेच इंग्रज मात्र 'लॉक' म्हणून वेळ मारून नेतात). ब्रिटिश बेटांतलं सगळ्यात मोठं तळं त्यांच्याकडे आहे, लॉख ने. या नावात जी-एच दोनदा आहे. पहिला ख, दुसरा पूर्ण मुका. मी ते पहिल्यांदा 'लॉफ नीग' लिहिलं होतं. दोन शब्दांत दोन चुका, शंभर टक्के निकाल.

गंमत म्हणजे एडिनबरा आपण मराठीत पहिल्यापासून बरोबर लिहीत आलोय. त्याच्या शेपटाला बी-यू-आर-जी-एच आहे. तेच शेपूट अमेरिकेत पिट्सबर्गला आहे आणि तिथे ग स्वच्छ वाजतो. त्या बिचाऱ्या पिट्सबर्गचा शेवटचा एच सरकारी नावमंडळानं १८९१ मध्ये कापून टाकला होता, गावकऱ्यांनी १९११ मध्ये तो परत मिळवला. उच्चार त्यामुळे कणभर हलला नाही.

आणि हे जी-एचच्या भावकीतलं, पण तुमच्या धंद्याला लागणारं. जुन्या लिपीत या आवाजासाठी 'योख' नावाचं तीनच्या आकड्यासारखं अक्षर होतं. इंग्रजांनी त्याच्या जागी बहुतेक जी-एच आणला. स्कॉटिश छापखान्यांकडे तो खिळा नव्हता, त्यांनी दिसायला जवळचा म्हणून झेड बसवला. परिणाम : एम-ई-एन-झेड-आय-ई-एस हे स्कॉटिश आडनाव पारंपरिक उच्चारात 'मिंगिस' आहे. मात्र ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान रॉबर्ट मेन्झीज, त्याच आडनावाचे, ते मेन्झीजच. दोन्ही बरोबर. डी-ए-एल-झेड-आय-ई-एल दिसलं तर 'डीएल' लिहा आणि तपासणाऱ्याला चकित करा.

खोडरबर

मासा मागे घेतो. पण एक सांगा, एवढा गोंधळ आहे तर हे लोक स्पेलिंग सुधारत का नाहीत? एका कायद्याचं काम.

पोटमाळा

करून झालं. १९०६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला हुकूम सोडला की हे ३०० शब्द यापुढे सोप्या स्पेलिंगनं छापा. त्यात आपली ही गँग होती : दो नुसता टी-एच-ओ, थ्रू टी-एच-आर-यू, थरा टी-एच-ओ-आर-ओ. वर्तमानपत्रांनी त्यांची यथेच्छ टर उडवली, संसदेनं ऐकलं नाही आणि वर्ष संपायच्या आत हुकूम गुंडाळला गेला. टी-एच-आर-यू तेवढा रस्त्यांवरच्या पाट्यांवर उरला. अमेरिकनांचा नांगर मात्र पी-एल-ओ-डब्ल्यू झालाय, तो त्याच्याही आधीपासून.

साधीसुधी

आणि आपण कोणाला हसतोय? 'चार' आणि 'चारा' मोठ्यानं म्हणून बघा. पहिला च वेगळा, दुसरा वेगळा, लिहितो मात्र एकच. 'जन्म' आणि 'जग' तेच. माझ्या मराठी शिकणाऱ्या मैत्रिणीनं विचारलं की कुठला च कधी म्हणायचा, तर मी तिला काय सांगितलं असेल? पाठ कर.

तळटीप

साधीसुधी, हे वाचून अर्धा तास नुसती च म्हणत बसले.

चौदाच्या चौदा ठिकाणी लफबरा झालं. कडेला दोन चिठ्ठ्या चिकटवल्यात : 'पुढे टी आहे का?' आणि 'ओठ गोल आहेत का?' नकाशावालेदादांची तिसरी, 'साप आहे का?' ती मुद्दाम मोठ्या अक्षरात.

पुढच्या भागाची संहिता आजच आली. दुसऱ्याच पानावर एक आडनाव आहे, एच-ओ-यू-जी-एच-टी-ओ-एन. पुढे टी आहे. काकांचा नियम लावून 'हॉटन' लिहिलं आणि शेजारी पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

नकाशावाला

प्रश्नचिन्ह राहू द्या. हॉटन, हाउटन, होटन, तिन्ही घराणी नांदतायत, स्पेलिंग सगळ्यांचं हेच. आवाज कधी येणार?

तळटीप

शुक्रवारी.